सरपंचपदाची बोली लागली आहे. आम्ही फॉर्म भरावा का?

केळीवाला_तापीकाठ

मंडळी, जरा लांबण लागेल, पण विषय तसाच आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आमच्या ग्रामपंचायतीची मुदत २०२६ च्या सुरुवातीला संपते. मागचं मतदान १५ जानेवारी २०२१ चं, तोंडाला मास्क बांधून रांगेत उभे होतो ते. आता सरपंचपदाचं आरक्षण निघालं, सर्वसाधारण महिला. त्याच्या तिसऱ्या रात्री मारुतीच्या पारावर बैठक बसली. मला निरोप नव्हता. रात्रीची लाईट होती म्हणून मोटार सुरू करायला मळ्यात निघालो होतो, पारावर एवढी माणसं पाहून थांबलो.

ठरलं ते असं. एका घराने देवळाच्या सभामंडपाला ११ लाख द्यायचे आणि त्या घरची सून सरपंच. दुसरं एक घर नऊपर्यंत आलं होतं, ते गप्प बसलं. सदस्यांच्या नऊ जागा भावकी-भावकीत वाटून घ्यायच्या. बाकी कोणी फॉर्म भरायचा नाही. ‘बोली’ हा शब्द कोणाच्याच तोंडून आला नाही, सगळे ‘देणगी’ म्हणत होते. आणि जिचं नाव ठरलं ती तिथे नव्हती. तीच काय, एकही बाई नव्हती.

आता खरं सांगतो, मी काही बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं. मागच्या निवडणुकीत दोन सख्खे भाऊ दोन पॅनलमधून उभे राहिले, ते आजही एकमेकांच्या दारच्या लग्नाला जात नाहीत. एकाच्या निसवणीला आलेल्या केळीची सातशे खोडं रात्रीतून विळ्याने तोडली. कोणी तोडली ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण पंचनाम्यात ‘अज्ञात’. त्यामुळे म्हातारी माणसं ‘भांडण नको, सभामंडप तरी होईल’ म्हणतात ते अगदीच वेडेपणाचं नाही. त्यात वरून पुढारीही सांगून जातात, गाव बिनविरोध करा, जादा निधी देतो.

पण मला आजोबा आठवतात. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. बापाबरोबर धडप्यात कळण्याच्या भाकरी बांधून चालत गेले होते. नेहरू काय बोलले ते त्यांना कळलं नव्हतं, हिंदी येत नव्हतं. लक्षात राहिल्या त्या बांबूच्या कमानी. त्या नंदलाल बोस यांनी उभारल्या होत्या हे मला फार नंतर कळलं. आजोबा मात्र मरेपर्यंत प्रत्येक मतदानाला सकाळी सातलाच जायचे, अंघोळ करून, टोपी घालून. त्यांच्या बापाला मत नव्हतं, हे ते दरवेळी सांगायचे.

तर त्या कमानींपासून या ११ लाखांपर्यंत आपण कसे आलो, आणि इथून पुढे काय, हा एक प्रश्न. दुसरा साधा: माझी बायको बारावी झालेली आहे आणि फॉर्म भरायला तयार आहे. भरावा का?

धरणगावचा_बाजार

भाऊ, तुमच्याकडे अकराच का? आमच्या शेजारच्या गावात याच्यावर गेलंय. उगाच वैर कशाला घेता? जिल्हा परिषदेत मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून जास्त एकही निवडून आलेला सदस्य नव्हता, सगळा कारभार प्रशासकाचा. कोणाचं काय अडलं? रस्ता तेव्हाही खड्ड्यात, आताही खड्ड्यात. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे लोकांना आठवलं की अरे, आपल्याला झेडपी सदस्य असायचा. लोकशाही वगैरे पुस्तकात ठीक.

जुनं_दप्तर

मी ग्रामसेवक होतो. १९८३ ते २०१६. यावल, रावेर, चोपडा. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण आमची हयात ग्रामसेवक म्हणून गेली. चौदा गावांचं दप्तर सांभाळलं. त्यामुळे तत्त्वज्ञान सांगणार नाही, दप्तरातलं सांगतो.

आधी कायद्याचं, कारण ते थोडक्यात आहे. तुमच्याच निवडणुकीच्या वेळी, जानेवारी २०२१ मध्ये, नंदुरबार तालुक्यातलं खोंडामळी आणि नाशिक जिल्ह्यातलं उमराणे या दोन गावांची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली होती. कारण हेच, सरपंचपदाचा लिलाव. खोंडामळीची बोली ४२ लाखांची, उमराण्याची दोन कोटींच्या वर. दोन्हीकडे पैसा देवळासाठीच होता. म्हणजे ‘देणगी’ हा शब्द तिथेही वापरून झालेला आहे. उमेदवारी मागे घ्यावी म्हणून काही दिलं-घेतलं तर कायद्याच्या लेखी ती लाच. ती देवाला दिली म्हणून देवाची होत नाही.

आता धरणगाववाल्या भाऊंना. तुम्ही म्हणता कोणाचं काय अडलं. हे मी एकदा जगलो आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ ला, वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून. पुढे १९६७, १९७२ ला निवडणुका झाल्या. मग १९७९ ला. आणि त्यानंतर थेट १९९२ ला! मी नोकरीला लागलो तेव्हा १९७९ ला निवडून आलेले सदस्य होते, आणि माझं लग्न होऊन पोरगं शाळेत गेलं तरी नवी निवडणूक नव्हती. लोक तेव्हाही म्हणायचे, काय अडलंय? अडलेलं दिसत नसतं. विहिरीचा प्रस्ताव पंचायत समितीत पडून असतो, तो कोणाचा आहे हे विचारणारं माणूस नसतं, एवढंच. एका पाड्यावरच्या शाळेच्या खोलीचा कागद मी सहा वर्षं दर जूनला नव्याने पाठवत होतो. सहा वर्षं! दरवेळी टिपणीवर तारीख फक्त नवी. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ पासून लागू झाली, दर पाच वर्षांनी निवडणूक घ्यायलाच हवी हे त्यात लिहिलं गेलं, तेव्हा मला वाटलं संपलं हे प्रकरण. २०२२ नंतर पुन्हा तेच पाहिलं. निवडणुका अडवणारा ओबीसी आरक्षणाचा वाद खरा होता, कोर्टात होता, सगळं मान्य. पण मधल्या काळात विचारणारा कोण?

बिनविरोध हा त्याचाच गावातला धाकटा भाऊ. वर निवडणूक होत नाही, खाली होऊ देत नाहीत.

कबूल करतो, नोकरीत असताना मला बिनविरोध गावं आवडायची. काम कमी. मासिक सभेला कोणी यायचं नाही, प्रोसिडिंग बुक शिपायाच्या हाती घरोघर फिरायचं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या सह्या होऊन परत यायचं. सभा झाली असं लिहायचं, चहाचं बिल लावायचं. असं एक गाव माझ्याकडे होतं. त्याच वेळी दुसरं एक होतं, जिथे चुरशीची निवडणूक झाली होती. पडलेल्या पॅनलचा एकच माणूस वॉर्डातून चार मतांनी निवडून आला होता, धंद्याने शिंपी. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी हा गृहस्थ चष्मा पुसत कार्यालयात यायचा आणि म्हणायचा, भाऊसाहेब, नमुना ५ दाखवा. नमुना ५ म्हणजे रोकड वही. एकेक ओळ बोटाने वाचायचा. पावती मागायचा. मुरमाच्या ट्रिपा किती, कुठे टाकल्या, हे विचारून स्वतः जाऊन बघून यायचा. मला त्याचा इतका राग यायचा की तो दिसला की मी तालुक्याला जायचं काम काढायचो.

लेखापरीक्षण झालं तेव्हा शिंप्याच्या गावात एकही आक्षेप निघाला नाही. बिनविरोध गावातले आक्षेप मिटवता मिटवता माझी एक वेतनवाढ अडकली. चूक माझीच होती. मी पैसा खाल्ला नव्हता, पण कोणी विचारत नव्हतं म्हणून मीही पाहत नव्हतो.

तुम्ही विचारलंत कसे आलो. माझ्या समजुतीप्रमाणे यात माणसं बिघडली हे कारण कमी आणि हिशेब बदलला हे जास्त. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून गेली. पाटलाच्या पोराला जन्माने मिळणारा मान संपला, आणि त्याच सुमारास मतांनी मिळणारी खुर्ची आली. पण माझ्या सुरुवातीच्या काळात त्या खुर्चीखाली होतं काय? घरपट्टी, दिवाबत्ती, बाजार फी. त्यासाठी ११ लाख कोण देईल? मान होता, तो फुकट मिळायचा. पुढे केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२०-२६) पैशातला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला आला, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दहा-दहा. पैसा गावात यावा ही मागणी आपलीच होती आणि ती बरोबरच होती. पण पैसा आला आणि विचारणारा मात्र वाढला नाही. त्यात २०१७ ला सरपंच थेट जनतेतून, २०२० ला पुन्हा सदस्यांतून, २०२२ ला पुन्हा थेट. नियम कळेपर्यंत नियम बदलतो. थेट सरपंचावर अविश्वास आणायचा तर सदस्यांच्या ठरावाने भागत नाही, वर ग्रामसभेचा कौल लागतो. म्हणजे एकदा बसला की बसला. बोली लावणारा हे सगळं धरूनच आकडा सांगतो, तो काही वेडा नाही.

तेव्हा फॉर्म भरा. पडला तर पडला. पण सरपंचपदाबरोबर निदान दोन वॉर्डांतून सदस्यपदालाही माणसं उभी करा, कारण माझा शिंपी सरपंच नव्हता, साधा सदस्य होता. कागदाचं सांगून ठेवतो: घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरून दाखला घ्या, शौचालय वापराचा दाखला घ्या, १२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं अपत्य नसावं, आणि वहिनींचा जन्म १९९५ किंवा नंतरचा असेल तर सातवी पास लागते, ते तुमचं आहेच. निवडणूक झाल्यावर खर्चाचा हिशेब ३० दिवसांत द्या. पडलेले उमेदवार हा देत नाहीत आणि पुढच्या वेळी अपात्र ठरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पारोळ्याची_माजी_सरपंच

भाऊसाहेबांनी लिहिलं ते पटलं, पण सगळ्यांनी एक गोष्ट सोडली. त्या सुनेला कोणी विचारलं का?

मी पण अशीच सून होते. महिला राखीव निघालं, सासऱ्यांनी घरी येऊन सांगितलं, उद्या तहसीलला चालायचं, चांगली साडी नेस. बिनविरोध. गुलाल माझ्यावर कमी आणि आमच्या ह्यांच्यावर जास्त पडला. पहिलं वर्षभर माझं डोंगल ह्यांच्या खिशात होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आता वित्त आयोगाचं पेमेंट चेकने होत नाही, ऑनलाईन होतं, आणि त्याला सरपंचाची डिजिटल सही लागते. ती सही एका पेन ड्राइव्हसारख्या वस्तूत असते. ती ज्याच्या खिशात, तो सरपंच. मी सह्या पण करत नव्हते, माझी सही आपोआप होत होती!

एक दिवस शाळेच्या संडासाचं बिल निघाल्याचं कळलं आणि संडास तर झालाच नव्हता. माझी पोरगी त्याच शाळेत. घरी येईपर्यंत दाबून धरायची. त्या रात्री मी ह्यांच्या शर्टातून डोंगल काढलं आणि डाळीच्या डब्यात ठेवलं. घरात आठ दिवस अबोला. पण दुसऱ्या महिन्यात संडास झाला.

आणि हे पण सांगते की बायकांचं राज्य ३३ टक्के, मग २०११ पासून ५० टक्के झालं म्हणूनच सुरू झालं असं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला १९८९ च्या सुमारासच शेतकरी संघटनेच्या चळवळीतून सगळ्या बायकांची पंचायत निवडून आली होती. तेव्हा ३३ टक्क्यांचीही सक्ती नव्हती. पुढे तिथल्या पुरुषांनी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकांच्या नावावर जमिनी केल्या. खानदेशातलंच आहे हे, फार लांब जायला नको.

दादा, तुमच्या मिसेसना सांगा, फॉर्म भरायच्या आधी एकदा त्या सुनेला भेटा. विहिरीवर, दळणाला, कुठेही. तिच्याविरुद्ध उभं राहायचं की तिच्याबरोबर, हे नंतर ठरवा.

सातपुड्याचा_पावरा

धडगावकडून लिहितोय. दप्तरवाल्या काकांशी एका ठिकाणी वाद आहे. बिनविरोध म्हणजे वाईटच, हे आमच्याकडे लागू नाही. पाड्यावर रात्रभर बसतात आणि सगळ्यांचं एक होईपर्यंत कोणी उठत नाही. आमच्याकडे ही पद्धत मतपेटीच्या आधीची आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याने, त्यालाच ग्रामसभा म्हटलं. महाराष्ट्राचे नियम यायला मात्र २०१४ उजाडलं. आता पाडा स्वतःची वेगळी ग्रामसभा मागू शकतो, आणि आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना येतो. सरपंच आदिवासीच. तुमच्या चोपडा, यावल, रावेरच्या डोंगराकडच्या गावांनाही पेसा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

फरक एवढाच की तिथे म्हातारी बसते, पोर बसतं, आणि पैसे कोणी लावत नाही. तुमच्या पारावर किती जण होते? निम्मं गाव नव्हतंच ना?

आणि लोकशाही पुस्तकात ठीक म्हणणाऱ्या भाऊंना: आमच्या आज्याने १९७२ च्या आसपास शहाद्याच्या मोर्चात आदिवासी पुढारी अंबरसिंग महाराजांच्या मागे चालून गेलेली जमीन परत मागितली, तेव्हा मत देऊन वीस वर्षं झाली होती आणि जमीन तरी गेलीच होती. मतपेटीवर आमचा आंधळा विश्वास नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं, पंतप्रधान येऊन गेले. कार्डाने पोट भरत नाही तसं मतानेही भरत नाही. पण नर्मदेकाठी काही केंद्रांवर मशीन घेऊन साहेब लोकांना बोटीने यावं लागतं, ते आमच्या मतासाठीच. पाच वर्षांत तेवढा एक दिवस साहेब आमच्याकडे येतो, आम्ही साहेबाकडे जात नाही.

जुनं_दप्तर

पावरा भाऊ, मान्य. मी ‘बिनविरोध’ म्हटलं, मला ‘बिनविचारणा’ म्हणायचं होतं.

अमयनेरकर

मन्ही माय एकच सांगे, मत शे ते पोरीसारखं शे, पैसा ली देवानं नही (पैसे घेऊन द्यायचं नाही). बाकी तुम्हना चालू द्या, मी वाची ऱ्हायनू.

केळीवाला_तापीकाठ

पाच आठवड्यांनी लिहितोय, राग मानू नका. केळीची कापणी सुरू होती, त्यात व्यापाऱ्याने भाव पाडला, तो वेगळाच विषय.

ताईंनी सांगितलं तसं बायको त्या सुनेला भेटली. गिरणीत, दळणाच्या रांगेत. तिला म्हणे नाव ठरल्याचं चौथ्या दिवशी शेजारणीकडून कळलं. फार काही बोलली नाही, पण गावात पोलीस भरतीच्या वेळी धावायला जाणारी ती एकटीच मुलगी होती, हे बायकोला आठवलं. मला नव्हतं आठवलं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उठून नमुना ५ मागितला. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी कोणाची किडनी मागितली. मग कोणीतरी माणसं मोजली. कोरम लागतो १५ टक्के किंवा शंभर मतदार, यातला कमी असेल तो. आमच्याकडे शंभर लागतात, होते ६१. सभा तहकूब. हेच नेहमी होतं, फक्त एरवी कोणी मोजत नाही आणि कागदावर शंभर भरतात. या वेळी मीच विचारल्यामुळे मोजावं लागलं, त्यामुळे माझ्यावरच हसले. पण भाऊसाहेबांना फोन केला, ते म्हणाले तहकूब सभेला कोरम लागत नाही, तिथे जाऊन मागा.

पारावरचे लोक माझ्याशी बोलतात, पण आधीसारखी तंबाखू पुढे करत नाहीत. सभामंडपाची वाळू येऊन पडली आहे, त्यावर पोरं खेळतात. बायकोचे दाखले झालेत, शौचालयाचा तेवढा राहिला, त्यासाठी तिसऱ्यांदा उद्या ये म्हणालेत.

आणि काल संध्याकाळी ती सून आमच्या ओट्यावर येऊन बसली होती, विरजण मागायचं निमित्त काढून. जाताना उंबऱ्यात थांबून बायकोला विचारलं, डोंगल म्हणजे नेमकं काय असतं हो?